पॅड-डिस्क नवीन टाकल्या, तरी ब्रेक नीट लागत नाही? घरच्या घरी दोष शोधण्याची रीत

तालुक्याच्या गावाहून पॅडचा सेट आणि डिस्कची जोडी आणायची, अंगणात चाकं उतरवायची आणि दिवस मावळायच्या आत काम उरकायचं, हे विदर्भातल्या खेड्यांत आता नवं राहिलेलं नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर यवतमाळ, अकोला, चंद्रपूर अशा जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे जायचं म्हणजे एक अख्खा दिवस जातो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तो दिवस कास्तकाराकडे नसतो. पाने, जॅक आणि थोडी समज असलेल्या माणसाने पुढचे पॅड आणि डिस्क घरी बदलायला माझी काही हरकत नाही. काम अवघड नाही. अडचण त्यानंतर येते. पेडल खोल जातं, गाडी एका बाजूला ओढते, चाक तापतं, करकर आवाज येतो किंवा स्टिअरिंग थरथरतं. मग शेजारीपाजारी गोळा होतात आणि सगळे एकच सांगतात: "एअर गेली असेल, एअर काढा."

हा लेख मुख्यतः त्या सल्ल्याच्या विरोधात आहे. पॅड आणि डिस्क बदलताना ब्रेक ऑईलची लाइन कुठेच उघडावी लागत नाही. कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा चिमटा) मागे सरकवायचा, पिस्टन (पॅडला रेटणारा त्याच्यातला दट्ट्या) आत ढकलायचा, नवीन पॅड बसवायचे. नळी सुटली नाही, ब्लीडरचा निपल (हवा काढण्यासाठी कॅलिपरवर असलेली तोटी) सैल केला नाही, तर हवा आत शिरणार कुठून? त्यामुळे या कामानंतर उद्भवलेला दोष शंभरातल्या बहुतेक वेळा आपण नुकताच हात लावलेल्या भागातच असतो, किंवा जुन्या पॅडांमुळे आजवर लक्षात न आलेला मागच्या ब्रेकचा तरी असतो. विनाकारण एअर काढायला बसलात तर जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑईलवर दाब देणारा भाग) त्यातच खराब होऊ शकतो. ते कसं, हे पुढे येईल.

खाली लिहिलेलं पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांबद्दल आहे. गावाकडच्या बहुतेक लहान कार आणि जीपवर्गीय गाड्या अशाच असतात. मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरवर चालत असेल, तर तिथला पिस्टन बऱ्याचदा फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. तो नुसता दाबून ढकलायचा प्रयत्न केला की आतली यंत्रणा मोडते.

गाडी जागची हलवण्याआधी

पॅड बदलताना पिस्टन पूर्ण आत गेलेला असतो. पॅड आणि डिस्कमध्ये मोठी फट राहते. पेडल पहिल्यांदा दाबाल तेव्हा ते थेट तळाला जाईल, आणि तसं जाणं स्वाभाविक आहे. इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू, पूर्ण तळापर्यंत न नेता, दाबत-सोडत राहा. काही वेळात ते वर येऊन कडक लागतं. हे न करता गाडी सुरू करून अंगणातून बाहेर काढणं हा या कामातला सर्वांत मोठा धोका. अंगणात लेकरं खेळत असतात, समोर भिंत असते, गोठा असतो, आणि पहिल्या दाबाला ब्रेक नसतो.

पेडल वर आल्यावर बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी बघा. पिस्टन मागे ढकलताना ऑईल डबीत परत येतं. आधी कोणी वरपर्यंत भरून ठेवलं असेल तर ते बाहेर सांडतं. सांडलेलं ऑईल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. कमी असेल तर डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच भरा: डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑईल, हायड्रॉलिक ऑईल, ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये घालतात ते तेल, यातलं काहीही चालत नाही. खनिज तेल एकदा आत गेलं की मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं फुगतात आणि पूर्ण संच बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दोन-तीन वर्षांपासून उघडा पडलेला अर्धा डबाही वापरू नका. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते लवकर होतं. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

तपासणीसाठी चाक पुन्हा उचलावं लागणार आहे, म्हणून जॅकबद्दल. काळी माती वरून कोरडी, टणक दिसली तरी जॅकखाली दबते. जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट खाली घ्या, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, आणि चाक काढलं की गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. घोडी नसेल तर निदान सुटलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

पेडल काय सांगतं

ब्रेकचा दोष शोधताना मी सगळ्यांत आधी पेडलवर वेळ घालवतो, कारण इथे चाक न काढता अर्धं निदान होतं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि पेडल चार-पाच वेळा दाबून मग पाय रोखून धरा.

पहिला प्रकार: पहिला दाब खोल जातो, पण लगोलग दुसरा-तिसरा दाब दिला की पेडल वर येतं आणि वर आल्यावर दगडासारखं घट्ट लागतं. याचा अर्थ ऑईलमध्ये हवा नाही, कुठेतरी फट जास्त आहे. हवा असती तर पेडल वर येऊनही पायाखाली दबकत राहिलं असतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण इथेच बहुतेकजण चुकीच्या वाटेला लागतात.

फट कुठे आहे ते शोधायची एक सोपी चाचणी आहे. हँडब्रेक घट्ट ओढा आणि पेडल दाबून बघा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल आधीपेक्षा वर लागलं, तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे: शू (ड्रमला आतून दाबणारे पट्टे) झिजलेत किंवा त्यांची फट राखणारा अ‍ॅडजस्टर जाम झालाय. मागचे शू झिजत झिजत पेडल हळूहळू बदललं, तुमच्या पायाला त्याची सवय झाली, आणि नवीन पॅड टाकल्यावर लक्ष गेलं म्हणून दोष नवा वाटतो. मागचे ड्रम उघडा, धूळ झाडा, अ‍ॅडजस्टरचा दातेरी स्क्रू साफ करून फिरवा, ड्रम शूला हलकासा घासेल इतपत आणा. आपल्याकडे पांदणीतून, चिखलातून गेलेल्या गाडीच्या ड्रममध्ये काळ्या मातीचा थर साचतो आणि अ‍ॅडजस्टर त्यातच जाम होतो. तो वरचेवर उघडावाच लागतो.

हँडब्रेक ओढूनही पेडल तसंच खोल राहिलं, तर फट पुढे आहे. पुढचं चाक उचला, एक हात वर आणि एक हात खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. बेअरिंग ढिलं असलं की डिस्क डोलते, डोलताना पॅडला धक्का देऊन पिस्टन मागे सारते, आणि पुढच्या वेळी पहिला दाब वाया जातो. काही जीपवर्गीय गाड्यांत डिस्क हबलाच बोल्टने जोडलेली असते. अशा गाडीत डिस्क बदलताना बेअरिंगही उघडावं लागतं आणि परत बसवताना त्याचा नट नेमका ताणावा लागतो. तुमच्या गाडीत ते काम झालं असेल तर पहिला संशय तिथेच घ्या.

बेअरिंग घट्ट असेल तर कॅलिपर उघडून पॅड तपासा. पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड धरणाऱ्या चौकटीत) सरळ बसलाय का, त्याचे कान गंजावर अडून तिरके झालेत का, पत्र्याच्या क्लिपा नीट आहेत का. तिरका बसलेला पॅड दाबल्यावर थोडा वाकतो आणि पेडल मऊ लागतं. यालाच लोक हवा समजतात. आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत असंही होतं. क्वचित पॅडची लोखंडी पाठ डिस्ककडे बसवलेली सापडते. तसं झालं तर पहिल्याच दाबाला लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज येतो.

दुसरा प्रकार: कितीही दाबलं तरी पेडल स्पंजसारखं दबकतं. आता हवेचा विचार करायला हरकत नाही, पण आधी स्वतःला विचारा: पिस्टन मागे ढकलताना ब्लीडरचा निपल उघडला होता का? कॅलिपर नळीपासून सोडवला होता का? डबीतलं ऑईल कधी पूर्ण संपलं होतं का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर पुन्हा तिरके पॅड, अडकलेल्या पिना आणि फुगलेली रबरी नळी यांच्याकडे वळा. दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगून नळीवर हात ठेवा. म्हातारी झालेली नळी दाबाखाली फुगलेली हाताला कळते.

कॅलिपरच बदलला असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. ब्लीडरचा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला असायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली जातो, हवा वर अडकून राहते आणि दोन लिटर ऑईल ओतलं तरी ती निघत नाही.

तिसरा प्रकार: पाय रोखून धरल्यावर पेडल हळूहळू, सलग खाली जात राहतं. डबीतली पातळी कमी होत असेल तर गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांवर आणि ड्रमच्या खालच्या काठावर ओल शोधा. पातळी तशीच असेल आणि ओल कुठेच नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली वॉशर गेली आहे. इथेच ती एअर काढण्याची हौस नडते. रोजच्या वापरात पेडल अर्ध्या अंतराच्या पुढे जात नाही. पुढचा अर्धा सिलिंडर वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेला, गाळ बसलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत रेटलं की जुनी वॉशर त्या गंजावरून घासते आणि फाटते. म्हणून एअर खरंच काढायची वेळ आली तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही.

चौथा प्रकार: पेडल कडक आहे, खोल जात नाही, पण गाडी थांबत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग), त्याची नळी किंवा डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप तपासा. बॉनेटखाली काम करताना नळी निघाली असेल, किंवा उंदराने कुरतडली असेल. धान्याच्या कोठीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास घडतं. पेडल खाली गेलं म्हणजे बूस्टर ठीक आहे. मग दोष पॅडच्या तोंडावर आहे.

पॅडचं तोंड: तेल, ग्रीस आणि बसवणी

नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो न काढता डिस्क बसवली तर ते तेल पॅड पिऊन घेतात. पुसायला डिझेल किंवा रॉकेल वापरायची सवय आपल्याकडे घरोघरी आणि गॅरेजोगॅरेजी आहे. कृपा करून ती ब्रेकसाठी सोडा. दोन्ही स्वतःच तेलकट आहेत आणि मागे थर ठेवतात. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळाला तर उत्तम. नसेल तर भांडी घासायच्या साबणाने आणि गरम पाण्याने डिस्क दोन्ही बाजूंनी धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या.

पॅडच्या तोंडाला ग्रीस, तेल किंवा ब्रेक ऑईल लागलं असेल तर तो पॅड टाकून द्या, आणि त्याच्या जोडीचे दोन्ही बाजूंचे चारही पॅड बदला. पेट्रोल टाकून पेटवून घेणं, पॉलिश पेपर मारणं हे उपाय वरवर चालल्यासारखे वाटतात. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं. पॅड तापला की ते पुन्हा तोंडावर येतं, आणि तेही नेमकं घाट उतरताना.

पॅड स्वच्छ असूनही ब्रेक कमी लागतो, तर बहुधा पॅड अजून डिस्कवर बसलेले नाहीत. नवीन पॅड-डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढावा लागतो. त्यासाठी सकाळी गुरं बाहेर पडण्याआधी मोकळा डांबरी तुकडा बघा: आठवडी बाजाराचा दिवस नसेल तर बाजार समितीचं आवार, हंगाम नसेल तर जिनिंगकडे जाणारा रस्ता. तासी ५० किलोमीटर वेगावरून मध्यम दाबाने १५ पर्यंत वेग आणा. पूर्ण थांबू नका. पुन्हा वेग घ्या, अर्धा-एक किलोमीटर वारा लागू द्या, आणि असं आठ-दहा वेळा करा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. तापलेल्या अवस्थेत पाय पेडलवर दाबून उभे राहू नका. पॅडचा ठसा एकाच जागी डिस्कवर उमटतो आणि पुढे तिथेच झटका बसतो. हलका जळका वास आणि थोडा धूर पहिल्यांदा येऊ शकतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायचं असेल तर हे सगळं उरकूनच निघा. नवीन पॅडांची पहिली परीक्षा मेळघाटच्या उतारावर घेऊ नये, आणि उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.

गाडी एका बाजूला ओढते

आधी टायरची हवा मोजा. दोन पुढच्या चाकांत फरक असेल तर ब्रेककडे जायची गरजच नाही. हवा सारखी असेल तर एवढं लक्षात घ्या की ब्रेक दाबल्यावर गाडी ज्या बाजूचा ब्रेक चांगला लागतो त्या बाजूला ओढते. डावीकडे ओढत असेल तर दोष उजव्या चाकात शोधा. तिथे पॅडवर तेल असेल, पिस्टन अडकला असेल किंवा सरकपिन जाम असेल.

ब्रेक न दाबताही गाडी ओढत असेल तर उलट: ज्या बाजूला ओढते तिथला ब्रेक धरून राहिलाय.

सरकपिना हा घरच्या कामातला सर्वाधिक दुर्लक्षित भाग. कॅलिपर दोन पिनांवर आत-बाहेर सरकतो. पिन जाम झाली की पिस्टनकडचा पॅड एकटाच काम करतो, तो लवकर झिजतो आणि बाहेरचा नवाकोरा राहतो. काढलेले जुने पॅड फेकून दिले नसतील तर शेजारी ठेवून बघा. आतल्या-बाहेरच्या झिजेत मोठा फरक असेल तर पिना आधीपासूनच अडकत होत्या आणि नवीन पॅडांचंही तेच होणार. पिना बाहेर काढून जुनं ग्रीस पूर्ण पुसा आणि सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं किंवा काळं ग्रीस लावलं की पिनेवरचं रबर फुगतं आणि काही आठवड्यांत पिन पुन्हा अडकते. काही गाड्यांत दोनपैकी एकाच पिनेच्या टोकाला रबरी बुश असतो. वरची आणि खालची पिन अदलाबदल करू नका. पिन हाताने दाबली तर सहज आत जायला हवी.

चाक तापतं, ब्रेक धरून राहतो

पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि सावलीत थांबा. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांत उन्हातल्या चाकाला हात लावून काही कळत नाही. रिमजवळ हाताचा तळवा न लावता न्या आणि दोन्ही पुढच्या चाकांची तुलना करा. डिस्कला कधीच हात लावू नका. कोरोनाच्या काळात घरात आलेलं कपाळाचं तापमापक यंत्र इथे उपयोगाचं नाही, ते शरीराच्या तापाच्या आसपासच मोजतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं औद्योगिक घ्यावं लागतं.

एक चाक स्पष्ट जास्त गरम असेल तर ते उचला, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि हाताने फिरवा. नवीन पॅडला हलकी घासर लागणारच. पण ब्रेक दाबून सोडल्यावर चाक दोन्ही हातांनीही कष्टाने फिरत असेल तर पुढची पायरी घ्या. ही पायरी मला फार मोलाची वाटते, कारण ती नेमका भाग दाखवते.

ब्लीडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा आणि निपल अर्धा फेरा सैल करा. चाक मोकळं झालं नाही, तर अडचण यांत्रिक आहे: पिस्टन गंजून अडकलाय, पिन जाम आहे, किंवा पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये आवळले गेलेत. नवीन पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असतो. तो कानशीने हलकासा काढला की पॅड मोकळा सरकतो.

निपल सैल करताच थोडं ऑईल उडालं आणि चाक मोकळं फिरलं, तर दाब लाइनमध्ये अडकून राहिला होता. निपल घट्ट करा, पुन्हा ब्रेक दाबून चाक अडकवा आणि आता रबरी नळीच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपकडचा जोड सैल करा. चाक मोकळं झालं नाही तर दोष नळीत आहे. पॅड बदलताना कॅलिपर तारेने बांधून न ठेवता नळीवरच लोंबकळत ठेवला की आतलं अस्तर सुटतं; पेडलच्या जोरावर ऑईल पुढे जातं पण परत येत नाही. बाहेरून नळी धडधाकट दिसते. दोन्ही बाजूंच्या नळ्या जोडीने बदला. इथे लाइन उघडली आहे, त्यामुळे आता एअर काढणं भागच आहे. तो जोड सैल करूनही चाक मोकळं झालं, तर मागे मास्टर सिलिंडरकडे चला: पेडल पूर्ण वर येत नसेल किंवा बूस्टरची दांडी थोडी पुढे राहत असेल. अशा वेळी बहुधा एकच नव्हे, दोन किंवा चारही चाकं तापतात.

डिस्कच्या मागचा धूळ अडवणारा पत्राही विसरू नका. काम करताना तो वाकतो आणि डिस्कला घासतो. मुरुमाच्या रस्त्यावर त्याच्या आणि डिस्कच्या मधोमध खडा अडकला तर आवाज असा येतो की वाटतं बेअरिंगच गेलं. पत्रा हाताने थोडा मागे वाकवला की काम होतं.

थरथर

थरथर ब्रेक दाबल्यावरच येते की न दाबताही, हे आधी ठरवा. न दाबता, साठच्या पुढे वेग गेला की येत असेल तर रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. काळ्या मातीचा चिखल तिथे चिकटून वाळला की दगड होतो आणि चाकाचं संतुलन बिघडवतो. पाऊस पडून गेल्यावर वावरातून निघालेल्या गाडीत हे नेहमीचं आहे. खरवडून धुतलं की थरथर संपते.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, तर दोष पुढे. स्टिअरिंग शांत आणि सीट किंवा पेडल हलतं, तर बहुधा मागचे ड्रम. पुढे असेल तर "डिस्क वाकडी निघाली" असं लोक लगेच म्हणतात आणि दुकानदाराशी भांडायला जातात. बहुतेक वेळा डिस्क सरळ असते, ती वाकडी बसवलेली असते. हबच्या तोंडावर गंजाची एक पापुद्र्याएवढी गाठ राहिली तरी डिस्क बाहेरच्या काठाला डोलते. बऱ्याच कंपन्या हा डोल साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत मागतात, म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यामुळे हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करून, पुसून, मगच डिस्क ठेवायची. मॅग्नेटिक स्टँडचं डायल गेज फार महाग नसतं. चार-पाच घरांत मिळून एक घेतलं तरी चालतं. डिस्क सगळ्या नटांनी वॉशर लावून घट्ट करा, काठापासून साधारण एक सेंटिमीटर आत गेजचं टोक टेकवा आणि डिस्क हळू फिरवा. डोल जास्त निघाला तर डिस्क हबवर एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा. कित्येकदा तेवढ्यानेच भागतं.

थरथर कधी सुरू झाली यालाही अर्थ आहे. पहिल्याच दिवशी असेल तर बसवणी किंवा डिस्कचा दोष. दोन-तीन महिने ठीक चालून मग आली, तर सुरुवातीचा छोटा डोल डिस्कला एका जागी झिजवत गेला आणि तिची जाडी असमान झाली. आता हब साफ करून उपयोग नाही. डिस्क खरादून घ्यावी लागेल किंवा बदलावी लागेल. खरादल्यावरची जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याच्या खाली जाता कामा नये.

चाकाचे नट हे दुसरं कारण. एक नट पूर्ण आवळून मग शेजारचा आवळला, किंवा लांब पाइप लावून त्यावर उभं राहून आवळला, की डिस्क ताणली जाते. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो.

आवाज

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि पहिल्या चार-दोन ब्रेकांना घासर येते. ती सोडून द्या. बारीक, तीव्र किंचाळी येत असेल तर पॅडच्या पाठीवरचा पातळ पत्रा राहिलाय का आणि झिजेची खूण देणारी पट्टी डिस्कला चिकटून उलटी बसलीय का, ते बघा. ब्रेक पेस्ट पॅडच्या पाठीवर आणि कानांवरच, अगदी पातळ लावायची. ब्रेक दाबताना ठोका ऐकू आला तर गाडी तिथेच थांबवा आणि ब्रॅकेटचे बोल्ट तपासा. बाकी आवाजांना वेळ देता येतो, या एका आवाजाला देता येत नाही. बोल्ट निसटला की कॅलिपर रिमला अडकून चाक जागीच धरतं.

साफसफाई करताना ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. स्वस्त आणि जुन्या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

दिवे आणि शेवटी एअर

हँडब्रेकचा लाल दिवा विझत नसेल तर ऑईलची पातळी किंवा हँडब्रेकचा स्विच. एबीएसचा पिवळा दिवा कामानंतरच लागला असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर ताणली गेलीय किंवा त्याच्या टोकावर लोखंडाचा कीस चिकटलाय; वायर जागेवर बसवा, टोक पुसा. दिवा पेटलेला असताना साधा ब्रेक लागतो, पण चाक लॉक होण्यापासून संरक्षण मिळत नाही. ओल्या रस्त्यावर अंधारात रोही (नीलगाय) आडवा आला तर तो फरक जिवावर बेततो.

हे सगळं तपासून लाइन खरोखर उघडली गेल्याचं सिद्ध झालं, तरच एअर काढा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत साधारणपणे सर्वांत लांबचं मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांची लाइन तिरकी विभागलेली असते आणि त्यांचा क्रम वेगळा असतो, म्हणून पुस्तिका बघा. एक माणूस पेडल हळू दाबून धरेल, दुसरा निपल उघडून बंद करेल, आणि निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. दर चार-पाच दाबांनी डबी बघा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. एबीएसच्या डब्यात हवा गेली असेल तर मात्र बऱ्याच गाड्यांत संगणक जोडूनच ती निघते, घरी झटत बसू नका.

पेडल हळूहळू खाली जात असेल, ऑईल कुठूनही गळत असेल किंवा ब्रॅकेटचा बोल्ट धरत नसेल, तर गाडी चालवत तालुक्याला नेऊ नका. मेकॅनिकला गावात बोलवा किंवा गाडी पिकअपवर चढवून पाठवा. बाकी सगळं ठीक असेल तर साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळून बघा, आणि त्याच वेळी दोन्ही पुढची चाकं उचलून हाताने एकेकदा फिरवून बघा.